बंद आकाशात आत्या

आमच्या फ्लाइंग क्लबमध्ये मला सगळे ‘मास्तर’ म्हणतात. आदराने म्हणतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. धंद्याने मी चष्मेवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर माझं दुकान आहे. आत डोळे तपासायची अंधारी खोली, बाहेर फ्रेमांची भिंत. रविवारी मात्र मी वैमानिक असतो. क्लबच्या मालकीचं एक जुनं, एका पंख्याचं, चार खुर्च्यांचं विमान आहे, ते आम्ही सभासद पाळीपाळीने उडवतो. माझ्या बायकोच्या मते त्याचा आवाज मिक्सरसारखा आहे आणि उपयोग मिक्सरएवढाही नाही.

क्लबच्या ज्या बैठकीला मी गैरहजर होतो, त्या बैठकीत सुरक्षेची जबाबदारी एकमताने माझ्या गळ्यात मारण्यात आली. दुसरा कुणी असता तर ती विसरून गेला असता. मी आपणहून हरभऱ्याच्या झाडावर चढलो. विमान ठेवायच्या हँगरच्या भिंतीवर फळा लावला, त्यावर दर आठवड्याला सूचना डकवू लागलो आणि लोक चहा पीत असताना त्यांना त्या वाचून दाखवू लागलो. तेव्हापासून मी मास्तर.

त्या वर्षी फुटबॉलचा अंतिम सामना आमच्या बाजूच्या मोठ्या शहरात होता. असा मोठा सामना असला की स्टेडियमभोवतालचं आकाश काही तासांपुरतं बंद करतात. नकाशावर एक वर्तुळ काढतात, वेळ ठरवून देतात, आणि त्या वेळात त्या वर्तुळात आमच्यासारख्या हौशी मंडळींनी शिरायचं नाही. एका वाडग्यात पन्नास-साठ हजार माणसं बसलेली असताना त्यांच्या डोक्यावर कोण घिरट्या घालतंय, याची पोलिसांना काळजी असते, आणि ती रास्तच आहे. या मनाईची जी सूचना निघते तिला आम्ही नोटॅम म्हणतो.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात मी क्लबमध्ये या विषयावर चांगलं लांबलचक व्याख्यान दिलं. पडद्यावर चित्रं दाखवली. लाल वर्तुळ मी स्वतः रंगवलं होतं. “नोटॅम म्हणजे दूध,” असं मी म्हणालो. “काल रात्री चांगलं होतं म्हणून आज सकाळी चांगलं असेलच असं नाही. इंजिन चालू करायच्या आधी, अगदी शेवटच्या क्षणी, पुन्हा बघा.” मागच्या रांगेत आमचा ‘पाना’ जांभया देत होता. त्याचा नळदुरुस्तीचा धंदा आहे आणि खिशात कायम पाना असतो, म्हणून हे नाव. मी त्याला उभं करून प्रश्न विचारला. त्याला उत्तर आलं नाही. मी सगळ्यांदेखत म्हणालो, “अशाच माणसांच्या मागे हेलिकॉप्टर लागतं.”

लोक हसले. मलाही फार बरं वाटलं.

दोन दिवसांनी माझ्या आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय सत्तरीच्या पुढे. तिच्या यजमानांना जाऊन खूप वर्षं झाली. तिचं शिवणकामाचं दुकान होतं आणि कोट शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता दुकान बंद केलंय, पण माणूस समोर आला की तिची नजर आधी त्याच्या खांद्यांवर जाते.

“ढब्बू,” आत्या म्हणाली. माझी पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी आत्यासाठी मी ढब्बूच. “तुझं ते विमान समुद्रापर्यंत जातं का रे?”

“जातं की! का?”

“तिकडे मैत्रिणीकडे जायचंय मला. बस दोनदा बदलावी लागते आणि माझे गुडघे आता बसच्या पायऱ्यांशी बोलत नाहीत. या रविवारी नेशील?”

मला आकाश ठेंगणं झालं. माझ्या घरातल्या एकाही माणसाने आजवर आपणहून माझ्या विमानात बसायची इच्छा दाखवली नव्हती. बायको तर स्पष्ट सांगते, “मी विधवा झाले तर चालेल, पण दोघं एकदम नको. मांजराला कोण बघणार?” आणि इथे माझी सख्खी आत्या स्वतःहून विचारत होती. रविवार सामन्याचा आहे हे मला माहीत होतं. पण मनाई दुपारी सुरू होणार होती आणि आम्ही सकाळी जाणार होतो. शिवाय माझा मार्ग वर्तुळाच्या बाहेरून, चांगलं अंतर राखून जात होता. म्हणजे दुहेरी बंदोबस्त. शनिवारी रात्री मी शेवटची सूचना वाचली, छापली आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली. प्लॅस्टिकमध्ये घातलेली गोष्ट माणसाला उगाच पक्की वाटते.

रविवारी सकाळी आत्या आली ती नवा निळसर कोट घालून, केस सेट करून, अत्तर लावून. मैत्रिणीकडे जाताना बायका अत्तर लावतात की नाही, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. मी तिची बॅग वजनकाट्यावर ठेवण्यात गर्क होतो.

“आता तू उभी राहा,” मी म्हणालो.

“मी? कशाला?”

“विमानात किती वजन आहे ते लिहावं लागतं.”

“अंदाजे लिही.”

“आत्या, विमानात अंदाजे चालत नाही.”

“मग तुझं स्वतःचं खरं लिहिलंयस का?” तिने माझ्या पोटावरून शिंप्याची नजर फिरवली. मी गुपचूप माझा आकडा खोडून नवा लिहिला. तिचा अंदाजेच लिहिला.

आम्ही विमानाकडे निघालो तेव्हा पाना हँगरच्या दारात बसून बिस्किटं खात होता. “मास्तर,” तो म्हणाला, “नोटॅम पुन्हा बघितलंत ना? सकाळी काहीतरी बदल आलाय म्हणत होते. वर्तुळ वाढवलंय की काय.”

आता हे बघा. माझा फोन माझ्या खिशात होता. तो काढून बघायला पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला असता. पण विचारणारा पाना होता. आणि शेजारी माझी आत्या होती, जिला मी आत्ताच विमानात अंदाजे चालत नाही असं सुनावलं होतं. आणि माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा होता, जो लावला की मी स्वतःला फोटोतल्यासारखा दिसतो. मी तो चष्मा नाकावर जरा खाली ओढला, वरून पानाकडे बघितलं आणि म्हणालो, “मला विचारतोस? तू?”

फोन खिशातच राहिला.

त्या काळ्या चष्म्याबद्दलही सांगून टाकतो. त्याचा नंबर जुना होता. दुकानात दिवसभर मी लोकांना बजावतो की दर वर्षी डोळे तपासा, जुना नंबर वापरू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

विमान उडालं. हवा इतकी शांत होती की मला स्वतःच्या कौशल्याचा भास होऊ लागला. आत्या पहिली दहा मिनिटं पर्स छातीशी धरून बसली, मग हळूहळू खाली बघू लागली. शेतं, रस्ते, एक नदी, तिच्यावरचा रेल्वेचा पूल. “वरून सगळं कसं नीट बेतलेलं दिसतं,” ती म्हणाली. “शिवण कुठे उसवलीय ते दिसतच नाही.” मी तिला यंत्रांची नावं सांगत होतो. तिने एकही विचारलं नव्हतं.

डावीकडे लांबवर शहर धुरकट दिसत होतं. मी तिला बोट करून दाखवलं. “तिथे आज सामना आहे. तिथलं आकाश बंद असतं. अडाणी लोक चुकून शिरतात मग.”

“आणि शिरले की काय होतं?”

“हेलिकॉप्टर येतं.”

“तसलं का?” आत्या म्हणाली.

मी तिच्या बाजूच्या खिडकीकडे वळून बघितलं. उजवीकडे, थोडं पुढे, आमच्याच उंचीवर एक मोठं काळपट हेलिकॉप्टर होतं. ते इतकं जवळ होतं की त्याच्या दारात बसलेल्या माणसाचं हेल्मेट दिसत होतं. आत्याने त्याला हात केला. त्याने केला नाही.

  हेलिकॉप्टरमधल्या माणसाने एक पाटी वर धरली. तिच्यावर आकडे होते. कुठल्या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर बोलायचं त्याचे आकडे. मी डोळे बारीक केले. मोठे केले. मान पुढे काढली. मला दिसत होती ती एक पांढरी पाटी आणि तिच्यावर चाललेल्या काही मुंग्या.

“ढब्बू, ते काहीतरी दाखवतायत.”

“आत्या, आकडे वाच! पटकन!”

“तुला दिसत नाहीत?”

“वाच म्हणतो ना!”

तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्याच वर्षी झालं होतं, आणि त्यासाठी तिला डॉक्टरकडे मीच पिटाळलं होतं. माझ्या आयुष्यातला हा एक सल्ला मला फळाला आला. तिने भाजीच्या यादीसारखे एकेक आकडे खणखणीत वाचले आणि मी रेडिओ लावला.

“तुम्ही प्रतिबंधित हवाई हद्दीत आहात,” रेडिओवरचा आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

इथे कुठलाही शहाणा माणूस ‘चुकलो, काय करू सांगा’ म्हणाला असता. मी म्हणालो, “माझ्या माहितीप्रमाणे मनाई दुपारपासून आहे. आणि मी वर्तुळाच्या बाहेर आहे.”

 मग आवाज म्हणाला, “तुमची माहिती कालची आहे. सामन्याआधी विमानांच्या कसरती ठेवल्यायत. वर्तुळ मोठं केलंय, मनाई सकाळपासून आहे. डावीकडे वळू नका. कृपा करून डावीकडे वळू नका. आमच्या मागे या.”

त्या ‘कृपा करून’ने मी पुरता गारठलो.

त्यांनी मला जवळच्या एका लहानशा विमानतळावर नेलं. माझ्या उभ्या हयातीतलं सर्वांत वाईट लँडिंग मी त्या दिवशी केलं. विमान धावपट्टीवर टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, पुन्हा उसळलं आणि शेवटी कंटाळून जमिनीवर बसलं. आत्याने विचारलं, “पोचलो?” आणि मग धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या पोलिसांकडे बघून म्हणाली, “नाही वाटतं.”

आम्हाला पहारेकऱ्यांच्या खोलीत बसवलं. एक लोखंडी टेबल, भिंतीशी बाक, कागदी पेल्यात कॉफी देणारं मशीन, आणि कपाटावर एक टीव्ही, ज्यावर सामन्याआधीची बडबड चालू होती. पहारेकरी स्वभावाने बरा होता. चौकशी करणारे अधिकारी शहरातून निघालेत, पण रस्ते तुंबलेत, तोवर बसा, असं त्याने सांगितलं. मला बायकोला फोन करायची परवानगी मिळाली.

“अगं, जरा उशीर होईल. एक छोटीशी अडचण—”

“माहितेय,” बायको म्हणाली. “क्लबमध्ये सगळे फोनवर तुझं विमान बघत होते. त्या नकाशात दिसतं ना ते. लाल वर्तुळात शिरताना बघितलं म्हणे सगळ्यांनी. पानाने मला फोन करून सांगितलं.”

“हसत होता?”

“नाही रे. बिचारा घाबरला होता. त्याने तुला रेडिओवर हाका मारल्या, पण तू तोवर लांब गेला होतास; फोन लावले. तू फोन बंद ठेवला होतास.” मग तिने विचारलं, “आत्या बरी आहे ना?”

“बरी आहे. कॉफी पितेय.”

“आणि तू?”

मी तिला कॉफीच्या मशीनबद्दल सांगू लागलो. “ठीक आहे,” बायको म्हणाली. “जे विचारतील त्याचं सरळ उत्तर दे. शिकवायला जाऊ नकोस.” तेवीस वर्षांच्या संसारातला सर्वांत नेमका सल्ला होता तो.

अधिकारी आले तेव्हा सामना सुरू होऊन बराच वेळ झाला होता. उंच, जाड भुवयांचे गृहस्थ. खोलीत शिरल्याबरोबर त्यांनी माझ्याकडे नाही, टीव्हीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही. त्यांच्या गणवेशाच्या कॉलरमधून निळ्या मफलरचं टोक डोकावत होतं. मला उलगडा झाला. निळा संघ एका पिढीनंतर अंतिम सामन्यात पोचला होता, या माणसाकडे स्टेडियमचं तिकीट होतं, आणि माझ्यामुळे तो इथे आला होता.

“तुम्ही,” ते खुर्ची ओढत म्हणाले, “आजच सापडलात?”

“माफ करा साहेब.”

“व्यवसाय?”

“चष्म्याचं दुकान आहे.”

त्यांनी भुवया उंचावल्या, पण फक्त लिहून घेतलं. तेवढा मोठेपणा त्यांनी दाखवला. मग क्लब, परवाना, मार्ग, कितीला निघालात, सूचना कधी बघितलीत. मी सगळी सरळ उत्तरं दिली. क्लबमध्ये सुरक्षेचं काम कोण बघतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मीच. त्यांचं पेन थांबलं. “म्हणजे?”

“म्हणजे याच विषयावर मी गेल्याच आठवड्यात व्याख्यान दिलं, साहेब.”

पहारेकऱ्याने तोंडावर हात धरला आणि कॉफीच्या मशीनकडे वळला.

“प्रवासाचा उद्देश?” अधिकाऱ्यांनी विचारलं. टीव्हीवर गोल होता होता राहिला आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

“आत्याला तिच्या मैत्रिणीकडे पोचवायचं होतं.”

“मैत्रिणीचं नाव, पत्ता, फोन. खात्री करावी लागेल.”

 आत्याने पर्स उघडली, बंद केली. मग विचारलं, “साहेब, इथे खोटं सांगितलं तर काय होतं?”

“गुन्हा वाढतो.”

“कोणाचा?”

“विमान चालवणाऱ्याचा.”

आत्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी पतंग काढायला छपरावर चढून मी अडकलो होतो तेव्हा खालून जशी बघत होती, तशी. “मग लिहा,” ती म्हणाली. “मैत्रीण नाही. मित्र आहेत. आणि उद्देश विचारताय तर, लग्न ठरवायला चाललेय.”

“कुणाचं?” हे मी विचारलं. चौकशी माझी चालली होती हे मी विसरलोच.

“माझं. तोंड मिट, ढब्बू, माशी जाईल.”

मग तिने सांगितलं, मला नाही, त्या अधिकाऱ्यांना. ते गृहस्थ निवृत्त टपालवाले. वर्षानुवर्षं तिच्या दुकानात टपाल टाकायचे. पिशवीच्या ओझ्याने त्यांचा डावा खांदा उतरला होता, तयार कोट त्यांना कधी बसायचेच नाहीत, म्हणून ते तिच्याकडून शिवून घ्यायचे. त्यांची बायको गेली, मग ते मुलीजवळ समुद्राकाठी राहायला गेले. तरी दर हिवाळ्यात कोट दुरुस्तीला घेऊन यायचे. “मागच्या हिवाळ्यात आणलेल्या कोटाला काहीच झालं नव्हतं,” आत्या म्हणाली. “एक टाका उसवलेला नव्हता. मी म्हटलं, यात दुरुस्त काय करायचं? तर म्हणाले, तुम्हीच बघा काय करता येतं ते.”

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

“अगं पण मला का नाही सांगितलंस?” मी म्हणालो.

“तू वजनकाटा घेऊन बसला होतास. तुला कधी सांगणार?” आत्या म्हणाली. “आणि घरात कळलं असतं की सगळ्यांनी व्याख्यानं दिली असती. मला आधी स्वतः बघून यायचं होतं. माणूस दुकानात वेगळा असतो, स्वतःच्या घरात वेगळा.”

 

अधिकाऱ्यांनी तिने दिलेला नंबर लावला. फोन स्पीकरवर होता. पलीकडून आधी लोकांचा गलका ऐकू आला, तोच सामना, मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज. अधिकाऱ्यांनी आपली ओळख दिली, विमान उतरवावं लागलं एवढं सांगितलं.

“त्या ठीक आहेत ना?” आवाज म्हणाला.

“हो. आम्हाला फक्त खात्री—”

“त्यांना लागलं-बिगलं नाही ना?”

“नाही, नाही. इथे माझ्यासमोर—”

“मी निघालो,” आवाज म्हणाला. “पत्ता सांगा.”

“अहो, एवढी घाई नाही,” अधिकारी म्हणाले. त्यांनी टीव्हीकडे बघितलं. “सामना संपल्यावर निघा. बरोबरी आहे. जादा वेळ होणार बहुतेक.”

“तुम्ही निळ्यांचे का?” त्या आवाजाने विचारलं.

“जन्मापासून.”

“मीपण,” आवाज म्हणाला. “पत्ता सांगा.”

अधिकाऱ्यांनी फोन ठेवला. मग त्यांनी खुर्ची वळवली आणि आम्ही सगळे सामना बघू लागलो. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. सामना संपून आणखी तासभर आकाश बंद राहणार होतं, त्यामुळे हे लवकर आटपावं, कुणीही गोल करावा, दोघांनी मिळून केला तरी चालेल, एवढीच माझी इच्छा होती. मी ती बोलून दाखवली. त्या खोलीत पुन्हा कुणी माझ्याशी बोललं नाही.

जादा वेळही बरोबरीत संपला. पेनल्टीचे फटके सुरू झाले. पहारेकरी, दोन शिपाई, इंधनवाला, सगळे आत दाटीवाटीने उभे राहिले. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि दारात एक सडपातळ म्हातारा गृहस्थ उभा राहिला. डावा खांदा खरोखरच खाली होता. कोट मात्र असा बसला होता की आधी कळलं नसतं तर तो खांदा लक्षातही आला नसता.

समोरच्या पिवळ्या संघाचा फटका आत गेला. आता निळ्यांचा शेवटचा. तो चुकला तर सगळं संपलं.

गृहस्थाने टीव्हीकडे बघितलंच नाही. तो माणसांमधून वाट काढत सरळ बाकापर्यंत आला. “बऱ्या आहात ना?” त्याने आत्याला विचारलं.

“अहो काका!” अधिकारी ओरडले. “शेवटचा फटका! बघा तरी!”

“तुम्ही बघा, मला मग सांगा,” तो म्हणाला. “यांचा हात गार पडलाय. इथे हीटर नाही का?”

आत्याचा हात त्याच्या हातात होता. मी तिला खूप वर्षं ओळखतो. तिला नाकाच्या शेंड्यापर्यंत लाल झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं. “मी कुठे पळून जात नाही,” ती म्हणाली. “बसा इथे. आधी बघा.”

मग तो बसला आणि त्याने बघितलं. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला.

 अधिकारी उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. इंधनवाल्याने टोपी काढली. म्हातारा गृहस्थ हळूच म्हणाला, “मी बघितलं की असंच होतं. तरी मी बघणार नव्हतो.”

“म्हणजे माझ्यामुळे हरले म्हणा,” आत्या म्हणाली.

“हो,” तो म्हणाला. “पण चालेल.”

आणि ते दोघं हसायला लागले. एवढ्या सुतकी खोलीत, हात धरून, शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखे. शेवटी अधिकाऱ्यांनाही हसू आलं. वाईट हसू होतं, पण आलं.

माझं काय झालं, तेही सांगतो. विमान तिथेच राहिलं. परवाना जमा झाला. पुढे सुनावणी झाली, माझा परवाना काही महिन्यांसाठी निलंबित झाला आणि मला पुन्हा परीक्षा द्यावी लागली. विमान परत आणायला पाना गेला. त्याने मला एका शब्दाने डिवचलं नाही. मी बरेच दिवस वाट बघितली, मग न राहवून विचारलं, “तू काही बोलत का नाहीस?” तो म्हणाला, “मास्तर, त्या दिवशी तुमचा ठिपका नकाशावरून नाहीसा झाला तेव्हा मला वाटलं, तुम्ही गेलात. मग कसला बोलणार?” हे ऐकून मला जे वाटलं ते कुठल्याही शिक्षेपेक्षा जड होतं. सुरक्षेची जबाबदारी आता त्याच्याकडे आहे. तो व्याख्यान देत नाही. विमानाच्या दाराशी उभा राहतो आणि आपला फोन तुमच्या तोंडासमोर धरतो.

पण त्या संध्याकाळी हे सगळं पुढे होतं. आम्ही त्या गृहस्थांच्या गाडीतून समुद्राकडे निघालो. ते दोघं पुढे, मी मागे, मांडीवर आत्याची बॅग घेऊन. बराच वेळ त्यांचं बोलणं खिडकीच्या काचेबद्दल चाललं होतं, ती किती खाली करावी म्हणजे वारा लागणार नाही पण हवा येईल. इतक्या गंभीरपणे काचेबद्दल बोलणारी माणसं मी पाहिली नव्हती.

मग गृहस्थांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. “घरात मोठे तुम्हीच,” ते म्हणाले. “तेव्हा विचारायला हवं. आमच्याबद्दल तुमची काही हरकत?”

एरवी मी घसा साफ केला असता. वय, तब्येत, दोन घरं, लोक काय म्हणतील, असे मुद्दे एकाखाली एक मांडले असते. पण आज माझी कशालाच हरकत घेण्याची लायकी नव्हती, आणि खरं सांगायचं तर हरकत नव्हतीही.

“माझी कसली हरकत,” मी म्हणालो. “फक्त हिला वजन विचारू नका.”

“ढब्बू!” आत्या म्हणाली.

त्यांनी लग्न केलं, अगदी साधं, नोंदणी कार्यालयात, चार माणसांत. माझी बायको साक्षीदार होती आणि तिने माझ्यापेक्षा सुबक सही केली. महिन्याभराने आत्याचा फोन आला. समुद्राकाठी आता छान ऊन पडतं, हे सकाळी फिरायला जातात, मी अजून त्यांच्या घरातलं कपाट लावतेय. आणि या रविवारी तू ये.

“येतो,” मी म्हणालो. “पण परवाना अजून—”

“बसने ये,” आत्या म्हणाली.

मी गेलो. बस दोनदा बदलावी लागली. मधल्या थांब्यावर माझ्या शेजारी बसलेल्या बाई चष्मा कपाळावर ढकलून बसचं वेळापत्रक वाचायचा प्रयत्न करत होत्या. त्यांना काय सांगायचं ते माझ्या ओठांवर आलं होतं. मग मी उठलो, फळ्याजवळ गेलो आणि त्यांना बसची वेळ वाचून दाखवली.